उतरलेली बॅटरी : न उघडलेल्या भेटवस्तूच्या जपणुकीसंबंधी

‘बॅटरी उतरली’ हा वाक्प्रयोग मराठीत आता इतका रुळला आहे की, त्यात दोन निराळे अर्थ एकत्र नांदत आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘उतरणे’ हे क्रियापद मराठी भाषिक दोन अगदी वेगळ्या घटनांना लावतात. पूर उतरतो, ताप उतरतो, भाव उतरतात; येथे काहीतरी वरून खाली येते आणि प्रसंगी पुन्हा वर चढू शकते. दुसरीकडे सकाळची आमटी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत उतरते. तिची पातळी कमी झालेली नसते, भांडे जसेच्या तसे भरलेले असते. परंतु कोणी हात न लावता, नुसती ठेवल्यानेच ती वाया गेलेली असते, आणि तिला पूर्वस्थितीवर आणण्याचा उपाय नसतो. मोबाइलची बॅटरी दिवसभराच्या वापराने उतरते ती पुरासारखी. कपाटात वर्षभर न उघडता ठेवलेल्या मोबाइलची बॅटरी पुरासारखी तर उतरतेच, शिवाय ती आमटीसारखीही उतरते. न उघडलेली भेटवस्तू कशी जपावी, या साध्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हा भेद न ओळखल्यामुळे चुकते. कारण पहिल्या उतरण्याच्या धास्तीने जो उपाय केला जातो, तोच दुसऱ्या उतरण्याला हातभार लावतो.

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. डिसेंबरात परदेशातून येणारा मामा भाच्यासाठी टॅबलेट घेऊन येतो. तो बारावीच्या निकालानंतर हातात द्यावयाचा, तोवर अभ्यासात विघ्न नको, म्हणून आई तो कपाटात कुलूपबंद करते. दिवाळीच्या सवलतीत घेतलेला फोन वैशाखातील लग्नाची वाट पाहत पडून राहतो. विद्यापीठाच्या विभागांतही हेच घडते. माजी विद्यार्थ्यांकडून किंवा एखाद्या संस्थेकडून ध्वनिमुद्रक, लॅपटॉप, टॅबलेट भेटीदाखल येतात. त्यांची नोंद ‘जडसंग्रह नोंदवही’त होते, आणि पुढील क्षेत्रकार्य ठरेपर्यंत खोके तसेच राहते. नोंदवहीचे हे नाव टेबल-खुर्च्यांना शोभते. लिथियमची बॅटरी मात्र या अर्थाने जड वस्तू नव्हे. तिच्या आत रासायनिक घडामोड अखंड चाललेली असते, आणि खोक्यावरील पारदर्शक वेष्टनाने ती यत्किंचितही थांबत नाही.

प्रथम दोन राशी वेगळ्या करून घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे बॅटरीत या घटकेला असलेला साठा. दुसरी म्हणजे जास्तीत जास्त किती साठा ती धरू शकते, ती धारणशक्ती. पावसाळ्यात वृत्तपत्रांतून धरणांचे साठे टक्क्यांत छापून येतात. जायकवाडी इतके टक्के भरले, उजनी इतके टक्के भरले. ही टक्केवारी पाण्याची असते. तळाशी साचणाऱ्या गाळाची हकीकत तिच्यात नसते. गाळाने धरणाची कूस लहान झाली आणि त्याप्रमाणे एकूण क्षमतेचा आकडा सुधारून घेतला, तर धरण ‘शंभर टक्के’ भरेलच. फक्त त्या शंभर टक्क्यांत पाणी कमी असेल. मोबाइलच्या पडद्यावरील आकडा असाच, त्या वेळच्या धारणशक्तीच्या तुलनेत मोजलेला असतो. म्हणून वर्षभर पडून राहिलेला फोन चार्ज केल्यावर १०० हा आकडा दाखवतो, घेणाऱ्याचे समाधान होते, आणि तो दुपारीच का मान टाकतो याचा उलगडा पुढे कित्येक दिवस होत नाही. पाणी उतरणे तात्पुरते असते, गाळ कायमचा.

हा गाळ कोठून येतो? आज भेटीदाखल दिल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांत लिथियम-आयन जातीचा घट असतो. तो पहिल्यांदा १९९१ साली सोनी या जपानी कंपनीने बाजारात आणला; त्याच्या मुळाशी असलेल्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घटाची रचना थोडक्यात अशी. एका बाजूला तांब्याच्या वर्खावर ग्रॅफाइटचा लेप असतो, ही ऋण बाजू. दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या वर्खावर कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडचा लेप, ही धन बाजू. आणि दोहोंच्या मध्ये सच्छिद्र पडदा व सेंद्रिय द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन धन बाजूकडून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, आणि वापरताना ते परत येतात. या येरझाऱ्यांत खरे म्हणजे काही खर्च व्हावयास नको. परंतु लिथियमने भरलेले ग्रॅफाइट हे फार चटकन् प्रतिक्रिया देणारे द्रव्य आहे. मधल्या द्रवाला ते मानवत नाही, आणि ग्रॅफाइटच्या पृष्ठावर त्या द्रवाचे विघटन होऊन एक पातळ थर जमतो. तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरावी, तसा हा प्रकार. ही साय उपकारक आहे. ती धरली नसती तर द्रवाचे विघटन थांबलेच नसते आणि घट काही दिवसांतच निकामी झाला असता. पण ती पूर्णपणे थांबत नाही. आरंभी भराभर आणि मग सावकाश ती जाड होत राहते, आणि जाड होताना दरवेळी थोडेसे लिथियम कायमचे आपल्यात अडकवून ठेवते. अडकलेले लिथियम येरझाऱ्यांतून बाद होते. हाच तो गाळ.

सायीची वाढ दोन गोष्टींवर विशेष अवलंबून असते. एक म्हणजे उष्णता, कारण सामान्यतः तपमान वाढले की रासायनिक प्रतिक्रियेचा वेग वाढतो. दुसरी म्हणजे घट किती भरलेला आहे ती. भरलेल्या घटात ग्रॅफाइट लिथियमने तुडुंब असते, आणि म्हणून अधिक प्रतिक्रियाशील असते. त्याच वेळी धन बाजूवरील उच्च दाबामुळे तिकडेही द्रवाचे विघटन होऊ लागते. पूर्ण भरलेल्या सामान्य घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, आणि ही अवस्था घटाला तणावाची असते. तेव्हा भरलेला आणि तापलेला घट सर्वांत लवकर म्हातारा होतो, मग तो खोक्यात असो वा हातात.

हे म्हातारपण किती वेगाने येते, याची कल्पना देणारे एक कोष्टक बॅटरी-व्यवसायातील लेखक इसिडोर बुकमन यांनी ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या नावाने चालविलेल्या पाठमालेत दिलेले आहे. त्यानुसार २५ अंश सेल्सिअस तपमानात एक वर्ष ठेवलेला घट ४० टक्के भरलेला असेल, तर त्याची सुमारे ९६ टक्के धारणशक्ती शिल्लक राहते. तोच पूर्ण भरून ठेवला असेल तर सुमारे ८० टक्के. तपमान ४० अंश असेल तर हेच आकडे अनुक्रमे ८५ आणि ६५ होतात. शून्य अंशाला मात्र दोहोंतील अंतर थोडे आहे : ९८ आणि ९४. हे आकडे ढोबळ आहेत. घटाची घडण बदलली की ते बदलतात, आणि प्रत्येक नव्या फोनला ते जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. परंतु त्यांचा रोख निःसंदिग्ध आहे. चाळीस अंशांत भरून ठेवलेली बॅटरी वर्षाकाठी धारणशक्तीचा तिसरा हिस्सा गमावू शकते, आणि तोही एकदाही न वापरता. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या भागांत मे महिन्यात दुपारचे तपमान चाळिशी ओलांडून पंचेचाळिशीला पोचते, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा काल्पनिक राहत नाही. पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या छपराखालील माळ्यावर तर बाहेरच्याहूनही अधिक उष्णता कोंडलेली असते. आणि भेटवस्तू मुलांच्या नजरेस पडू नये म्हणून नेमकी तेथेच ठेवली जाते.

मग घट रिकामा ठेवावा काय? येथे पहिले उतरणे आडवे येते. प्रत्येक घट स्वतःहून थोडा थोडा रिता होत असतो. लिथियमच्या घटाचा हा ऱ्हास माफक, म्हणजे महिन्याला साधारण एक-दोन टक्के असतो. परंतु त्याच्याबरोबर असलेले संरक्षक मंडल आणि उपकरणाचे अंतर्गत घड्याळ यांनाही, उपकरण बंद असताना, किंचित वीज लागते. एकूण घट महिन्याला तीन टक्के आहे असे उदाहरणापुरते धरून चालू. (‘घट’ या शब्दाचे भांडे आणि ऱ्हास हे दोन अर्थ येथे शेजारी येतात, शब्द दोन असून उच्चार एक आहे, पण या विषयात त्यांची गाठ पडावी हे गमतीचे आहे.) कारखान्यातून ४० टक्के भरून निघालेला फोन चार महिन्यांनी दुकानातून घरी येतो तेव्हा २८ टक्क्यांवर असेल, आणि त्यानंतर नऊ महिने कपाटात राहिल्यास तो जवळजवळ शून्याला टेकेल. उन्हाळ्यात हा ऱ्हासही वाढतो.

शून्य म्हणजे अगदी शून्य नव्हे. पडद्यावर शून्य दिसते, तेव्हा घटात सुमारे तीन व्होल्टचा दाब शिल्लक असतो, आणि ही राखीव शिल्लक जाणूनबुजून ठेवलेली असते. ती आणखी खाली गेली की अडीच व्होल्टच्या आसपास संरक्षक मंडल घटाला बाहेरच्या जगापासून तोडून टाकते. उपकरण या अवस्थेत पूर्ण निपचित दिसते, परंतु बहुधा अद्याप वाचविण्यासारखे असते. त्याहीनंतर महिनोन्महिने तसेच पडून राहिले, तर घट आपल्याच अंगच्या ऱ्हासाने दीड-दोन व्होल्टच्या खाली जातो, आणि तेथे निराळेच संकट उभे राहते : ऋण बाजूचा तांब्याचा वर्ख द्रवात विरघळू लागतो. पुढे कोणी चार्जर लावला तर विरघळलेले तांबे नको तेथे पुन्हा जमते, आणि मधला पडदा ओलांडून दोन बाजू आतल्या आत जोडल्या जाण्याचा धोका उत्पन्न होतो. मराठीत याला ‘बॅटरी बसली’ म्हणतात. भिंत बसते, घसा बसतो, धंदा बसतो, त्या मालिकेतील हा प्रयोग होय. मूळ तो मोटारीच्या बॅटरीला लावीत. उतरलेली बॅटरी चढविता येते आणि बसलेली बहुधा उठत नाही, हा विवेक गॅरेजमधील कारागिरांनी भाषेत केव्हाच पक्का करून ठेवला आहे.

म्हणजे वरून गाळाचे भय आणि खालून बसण्याचे. मधली जागा तेवढी सुरक्षित. ॲपल कंपनीचा आपल्या ग्राहकांना दिलेला सल्ला याच मध्याचा आहे : उपकरण दीर्घकाळ ठेवावयाचे असेल तर ते निम्मे, म्हणजे ५० टक्के चार्ज करावे, पूर्णपणे बंद करावे, ३२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तपमानाच्या व कोरड्या जागी ठेवावे, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे झाल्यास दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणावे. इतर उत्पादकांच्या सूचनांत आकडे थोडेफार निराळे असतात, आशय हाच.

सल्ला सोपा असूनही तो मराठी घरांत सहजी पटत नाही, याचे कारण हट्ट नव्हे. एका जातीच्या घटाचे नियम दुसऱ्या जातीला लावण्याची सवय हे ते कारण होय. घराघरांतील इन्व्हर्टरमध्ये आणि मोटारीत अनेक वर्षे शिसे-आम्ल जातीची बॅटरी वापरात आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधून काढलेल्या या जातीचा धर्म लिथियमच्या उलट आहे. ती अर्धवट अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ती निकामी होते. तिला भरून ठेवणेच हितकर. ‘ठेवावयाची तर फुल करून ठेव’ हे वडीलधाऱ्यांचे सांगणे त्या बॅटरीपुरते शंभर टक्के बरोबर होते. दुसरी समजूत अशी की नवा फोन पहिल्यांदा आठ-दहा तास सलग चार्ज करावा, किंवा प्रथम पूर्ण रिकामा करून घ्यावा. ही निकेल-कॅडमियम जातीच्या काळातील आहे. लिथियमच्या बाबतीत तिला आधार नाही. सगळ्या जातींना ‘बॅटरी’ हे एकच नाव मिळाल्यामुळे हा घोटाळा टिकून राहिला असावा. शब्दाचे मूळ पाहिले तर तेही असेच पसरट आहे : इंग्रजीत तो तोफांच्या रांगेचा वाचक होता, बेंजामिन फ्रँक्लिनने तो १७४९ च्या सुमारास काचेच्या विद्युत्संग्राहक बरण्यांच्या रांगेला लावला, आणि महाराष्ट्रात येऊन तो हातात धरावयाच्या दिव्याचेही नाव झाला. खेडेगावात आजही ‘बॅटरी घेऊन जा, अंधार आहे’ असे म्हणतात. आत घालावयाच्या वस्तूला तेथे ‘सेल’ म्हणतात.

दुकानातून आणलेल्या बंद खोक्यातील उपकरण कोणत्या अवस्थेत असते, हे आता पाहावयाचे. ते भरलेले नसते. उत्पादक घट अर्धवट भरूनच पाठवितात. त्यात टिकाऊपणाचा विचार असतो, तसा सुरक्षिततेचाही. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनी त्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास मनाई झाली, आणि मालवाहू विमानांतून नेताना त्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या नसाव्यात असे ठरले, कारण कमी भरलेला घट पेटला तरी कमी भडकतो. उपकरणात बसविलेल्या बॅटऱ्यांना तो नियम लागू नव्हता. तथापि खोक्यातील नवा फोन अर्धवट भरलेला का असतो, याचा अंदाज त्यावरून येतो. याचा निष्कर्ष असा की, पाच-सहा महिन्यांपर्यंत खोके न उघडता सावलीत ठेवल्यास सहसा काही बिघडत नाही. कारखान्याने ते निम्म्याच्या आसपासच ठेवलेले आहे. मात्र हे महिने खरेदीच्या दिवसापासून मोजण्यात अर्थ नाही. वेष्टनावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते, तेथून मोजावयास हवेत. सवलतीत मिळणारी वस्तू पुष्कळदा दुकानाच्या कोठारात वर्षभर मुरलेली असते, आणि सवलतीचे रहस्य क्वचित् तेच असते.

सहा महिन्यांच्या पलीकडे मात्र खोके उघडावे की उघडू नये, हा प्रश्न टाळता येत नाही. येथे रसायनशास्त्र संपून लोकव्यवहार सुरू होतो. उघडलेले खोके म्हणजे वापरलेली वस्तू, अशी भावना आपल्याकडे प्रबळ आहे. अहेरात आलेल्या साडीची घडी मोडलेली चालत नाही, तसेच हे. देणाऱ्याला संकोच वाटतो, घेणाऱ्याला शंका येते. ही भावना क्षुल्लक म्हणून उडवून लावता येणार नाही, कारण भेटीचे अर्धे मूल्य तिच्यातच असते. तरीही दोहोंपैकी एक निवडावयाचे झाले तर वेष्टनापेक्षा बॅटरीची बाजू घेणे शहाणपणाचे होय. हमीची मुदत पुष्कळ उत्पादकांच्या बाबतीत खरेदीच्या पावतीपासूनच मोजली जाते. खोके बंद ठेवल्याने ती वाढत नाही, उलट वस्तूत मुळातच दोष असेल तर तो हमी संपल्यावर उघडकीस येतो. वस्तू परत करण्याची मुदत तर काही दिवसांचीच असते. चार्ज करण्यासाठी उपकरण सुरू करून त्यात कोणाचे नाव वा खाते घालण्याचे कारण नसते. चार्जर लावला, पडद्यावरील आकडा निम्म्यावर आला, उपकरण बंद करून पुन्हा खोक्यात ठेवले, एवढ्याने काम भागते. खोक्यात एक चिठ्ठी घालावी : अमुक तारखेला बॅटरीच्या काळजीस्तव उघडले, वापरलेले नाही. अशी चिठ्ठी वाचून कोणी रागावेल असे वाटत नाही. याहून चांगला मार्ग अर्थात् असा की वस्तू प्रसंगाच्या महिनाभर आधी घ्यावी, किंवा आधी घेतली असेल तर आधीच देऊन टाकावी. बारावीच्या निकालाची अट टॅबलेटला कळत नाही.

ठेवण्याच्या जागेविषयी फार सांगण्यासारखे नाही. पश्चिमेच्या भिंतीला लागलेले लोखंडी कपाट, स्वयंपाकघर, मोटारीची डिकी आणि माळा या जागा वर्ज्य; घराच्या मधल्या खोलीतील कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. जुन्या वाड्यांतील जाड भिंतींच्या फडताळाइतकी समशीतोष्ण जागा आजच्या सदनिकांत सापडणे कठीण. शीतकपाटाचा मोह मात्र आवरावा. थंडावा घटाला मानवतो हे खरे, पण बाहेर काढताना दव धरते आणि ते उपकरणाच्या इतर भागांना मानवत नाही. कोकणातील पावसाळ्यात हवेतील ओल शोषून घेणाऱ्या पुड्या खोक्यात असू द्याव्यात.

लहान वस्तूंना लहान मुदत असते. बिनतारी इअरफोन, मनगटी घड्याळे, मुलांची खेळणी यांतील घट इतके चिमुकले असतात की, अल्पशा गळतीनेही ते लवकर रिते होतात; अशा वस्तू सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी पाहाव्यात. बटणासारखा सेल असलेल्या वस्तूंत सेल आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये प्लॅस्टिकची एक जीभ सरकवून ठेवलेली असते. चालू होते की नाही हे पाहण्यासाठी ती काढली की सेलचे आयुष्य सुरू झाले. देईपर्यंत तिला हात लावू नये. क्षेत्रकार्यासाठी घेतले जाणारे कित्येक ध्वनिमुद्रक साध्या पेन्सिल-सेलवर चालतात. त्यांच्या बाबतीत वरील सगळी चर्चा गैरलागू आहे आणि नियम एकच : सेल बाहेर काढून वेगळे ठेवावेत. आत विसरलेले अल्कलाइन सेल कालांतराने पाझरतात, आणि त्यांतील क्षार धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो.

दीर्घकाळ बंद असलेले उपकरण बाहेर काढल्यावर ते सुरू झाले नाही, तर लगेच निराश होण्याचे कारण नाही. मूळ किंवा योग्य क्षमतेचा चार्जर लावून अर्धा तास थांबावे. दाब फार खाली गेलेला असल्यास चार्जिंगचे मंडल प्रथम अत्यंत मंद प्रवाह सोडते, आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. त्यानंतरही जीव आला नाही तर बॅटरी बसली असे समजून ती अधिकृत दुरुस्ती केंद्रात दाखवावी. भलत्या चार्जरने किंवा बाजारातील कारागिराकडून ‘धक्का देऊन’ तिला उठविण्याचा खटाटोप करू नये. विरघळलेल्या तांब्याची हकीकत वर आलीच आहे. राहिले तिसरे क्रियापद, ‘फुगणे’. द्रवाच्या विघटनातून वायू निर्माण होतो, आणि मऊ पाकिटासारख्या घटात तो कोंडून राहतो. उपकरणाची पाठ उचलली जाते, पडद्याच्या कडेला फट दिसते. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये. ती घरच्या कचऱ्यात टाकणेही योग्य नाही. भारतात २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

विद्यापीठीय विभागांच्या दृष्टीने यात एक विशेष अडचण आहे. भाषेचे क्षेत्रकार्य बहुधा सुट्यांत होते, त्यातही मे महिन्याच्या सुटीत; म्हणजे उपकरण वर्षभर कपाटात आणि त्याची खरी परीक्षा वर्षातील सर्वांत उष्ण दिवसांत. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाली ही भाषा बोलली जाते. ती कोणत्याही ज्ञात भाषाकुळात निश्चितपणे बसविता आलेली नाही, आणि ती बोलणाऱ्यांची संख्या फार थोडी आहे. अशा भाषेतील एखादी वृद्ध स्त्री सकाळच्या वेळी कहाणी सांगावयास बसली, आणि शंभर टक्के दाखविणारा ध्वनिमुद्रक चाळीस मिनिटांत थंडावला, तर ती कहाणी त्याच शब्दांत, त्याच लयीत दुसऱ्या दिवशी मिळेल याची शाश्वती नसते; दुसरा दिवस मिळेल याचीही नसते. ध्वनिमुद्रक नवीन होता, खोके आजच उघडले, हे सांगून ते नुकसान भरून येत नाही.

यासाठी नवी व्यवस्था उभारण्याची गरज नाही. आर्थिक वर्षाच्या अखेरीस, मार्च महिन्यात, जडसंग्रहाची पडताळणी पुष्कळ विभागांत होतेच. त्या वेळी खोके मोजून नोंदवहीत खूण केली जाते आणि कपाट पुन्हा बंद होते. त्याच दिवशी बॅटरी असलेली खोकी वेगळी काढून उघडावीत, प्रत्येक उपकरण निम्म्यावर आणावे, आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने तारीख व टक्केवारी लिहावी. सप्टेंबरात पुन्हा एकदा. ध्वनिमुद्रक मे महिन्यात बाहेर जाणार असेल, तर निघण्याच्या आदल्या रात्री तो पूर्ण भरावा आणि दोन तास सलग मुद्रण करून किती चार्जिंग उरली ते पाहावे. पडद्यावरील शंभराचा आकडा जे सांगत नाही, ते त्या दोन तासांनी कळते.